किती बार?

मराठी माणसापुढे 'वॉशर' हा शब्द नुसता उच्चारला तरी त्याला गळका नळ दिसू लागतो. वॉशर ही वस्तू रुपया-दोन रुपयांना मिळावी, ती प्लंबरने खिशातून काढावी आणि बसवण्याचे दोनशे रुपये घेऊन जावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. त्यामुळे वॉशरला वीज लागते, चाके असतात, बंदुकीसारखा घोडा असतो आणि त्याची किंमत पाच आकडीही असू शकते, हे पचायला वेळ लागतो. त्यात त्याच्या आधी 'प्रेशर' हा शब्द आला की गोंधळाला पारावार राहत नाही. बोहरी आळीतल्या एका दुकानात शिरून मी "प्रेशर वॉशर आहे का?" म्हणून विचारले, तेव्हा गल्ल्यावरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारले, "तीन लिटरचा की पाच?"

"कुकरचं नाही हो, गाडीचं."

"गाडीला कुकरचं वॉशर बसत नाही," त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. पुण्यात ज्ञानदान हे असे फुकट चालते.

घरी सासूबाईंची निराळीच समजूत झाली होती. त्यांच्या लेखी प्रेशर म्हणजे डॉक्टर दंडाला पट्टा बांधून मोजतात ते. "जावईबापू, या वयात प्रेशर वाढवायचं मशीन कशाला घरात आणता?" असे त्यांनी काळजीने विचारले. मशीन घरात नाही, सोसायटीत येणार आहे, असे सांगितल्यावर त्यांची काळजी मिटली. सोसायटीच्या सभेला जाऊन येणाऱ्याचे प्रेशर तसेही वाढलेलेच असते, असे त्यांचे निरीक्षण आहे.

आता सोसायटीला हे मशीन का हवे झाले, ते सांगतो. आमच्या इमारतीत चोवीस मोटारी आहेत आणि त्या रोज पहाटे पुसण्याचे काम एक मामा करतात. मामा धाराशिव जिल्ह्यातले. वय पन्नाशीच्या पुढे. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला काका म्हणतात; हे नाते नेमके कसे लागते याचा छडा अजून कोणी लावलेला नाही. पहाटे साडेपाचला दोन बादल्या, एक पिवळे फडके आणि एक जुना बनियन घेऊन ते कामाला लागतात. थंडीत त्यांच्या बोटांना चिरा पडतात. त्यांत ते कोकमतेल भरतात आणि पुन्हा बादलीत हात घालतात. या पावसाळ्यात मात्र त्यांनी हात टेकले. म्हणजे कमरेवर टेकले. "काका, वरचं म्या पुसतो, पन खालचा चिखुल काय निघंना. वाकलं की पाठ धरती. त्या सर्व्हिसिंगवाल्याकडं हाय तसलं मशीन घ्या की."

झाले. मागणी सभेपुढे आली. तिथे एक हिशेबी सभासद बसलेले होते. त्यांनी मोबाइल काढून गणित मांडले. मोटारीमागे पाचशे रुपये महिना, चोवीस मोटारी, म्हणजे बारा हजार. वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार. मशीन पंधरा-वीस हजारांत येते. म्हणजे दोन महिन्यांत मशीनचे पैसे फिटले, की पुढचे सगळे वाचले. "मशीन आल्यावर मामांचं काम काय?" असे म्हणून ते खुर्चीत मागे रेलले आणि सभेत कुजबुज सुरू झाली. बचतीचा आकडा ऐकल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे एक सात्त्विक तेज चढते, ते सात-आठ चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसले.

मामा तेव्हा जिन्याखालीच उभे होते. त्यांना ऐकू जात होते.

सभा वाचवली ती आमच्या सौ.ने. तिने एवढेच विचारले, "मशीन रोज पहाटे साडेपाचला उठून कोण धरणार?" यावर जी शांतता पसरली, तशी आमच्या सभेत राष्ट्रगीतानंतरही पसरलेली मला आठवत नाही. शेवटी मशीन आणायचे, ते मामांनी चालवायचे, आणि बाकीचे पुढे बघू, असे ठरले. 'पुढे बघू' हे शब्द मात्र इतिवृत्तात तसेच राहिले. खरेदीसाठी तिघांची समिती नेमली गेली: मी, हिशेबी सभासद आणि वीज मंडळ अजून एकसंध होते त्या काळात, म्हणजे २००५ च्या आधी, तिथून निवृत्त झालेले एक अभियंते.

खरेदी समितीचे पहिले काम म्हणजे भाषा शिकणे. या व्यवहाराची भाषा 'बार' आहे. दुकानात पाय ठेवला की विक्रेता विचारतो, "किती बारचं दाखवू?" सोवळ्या घरात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न चारचौघांत ऐकायची सवय नसते. हिशेबी सभासदांनी तर घरी फोनवर "आता तीन दुकानांतले बार बघून झाले" असे मोठ्या आवाजात सांगितले आणि नंतरची पंधरा मिनिटे खुलासा करण्यात घालवली. तर बार हे दाबाचे माप आहे. आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो, तो सुमारे एक बार. दहा मीटर उंचीवरून पाणी नळाला आले तर त्याचाही साधारण एक बार होतो. आमच्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी खाली पार्किंगच्या नळाला पोचते, तेव्हा फार तर दोन बार असते. आणि ही मशिने सांगतात शंभर, एकशे तीस, एकशे साठ! कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. तिच्या माथ्यावर टाकी ठेवून नळ समुद्रकिनाऱ्यावर सोडला, तर त्या तोटीला सुमारे एकशे साठ बार दाब मिळेल. ही कळसूबाई आता तुम्हाला चाके लावलेल्या खोक्यात बसवून विकतात.

यात एक ग्यानबाची मेख आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असतात ते 'कमाल' बार. प्रत्यक्ष काम करताना मिळणारा दाब त्याहून बराच कमी असतो, आणि तो तळाशी मुंगीच्या अक्षरांत दिलेला असतो. पूर्वी स्थळ सांगून येताना मुलाचा पगार 'सर्व भत्ते धरून' सांगत, आणि मूळ पगार लग्नानंतर कळे, त्यातलाच हा प्रकार. म्हणून दोन मशिनांची तुलना करायची तर मूळ पगाराशी मूळ पगार ताडून पाहावा. मोटार धुवायला फार बार लागतातच असेही नाही. शंभरच्या आसपासचा दाब पुरून उरतो. त्यापुढचा दाब चिखलाबरोबर रंगही काढायला बघतो.

या यंत्राचा इतिहास पाहू गेल्यास तो थेट जर्मनीत पोचतो. आल्फ्रेड कार्चर नावाच्या गृहस्थाने १९३५ साली कारखाना काढला आणि १९५० मध्ये त्याने गरम पाण्याचे हाय-प्रेशर यंत्र तयार केले. युरोपातले ते पहिले. घरच्या माणसाला उचलून नेता येईल असे छोटे मशीन त्या कंपनीने १९८४ मध्ये आणले. फ्रान्समध्ये तर या गृहस्थाचे आडनाव हेच यंत्राचे सामान्यनाम होऊन बसले आहे, जसे आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत. आडनाव अजरामर करण्याचे अनेक मार्ग आहेत. चिखल हा त्यांतला एक आहे, हे मला ठाऊक नव्हते.

दुसरा प्रश्न मोटरचा. इथे आमच्या अभियंत्यांनी पार्किंगमध्येच व्याख्यान दिले. ही मशिने दोन जातींची असतात. एकीत युनिव्हर्सल मोटर, दुसरीत इंडक्शन मोटर. युनिव्हर्सल म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरची मोटर: अंगाने हलकी, आवाजाने कडाडणारी, आत कार्बनचे ब्रश असलेली, आणि थोडा वेळ चालवून विश्रांती मागणारी. इंडक्शन म्हणजे सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची मोटर: वजनदार, गंभीर, मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेत तासन्‌तास न कुरकुरता राबणारी. पहिली स्वस्त, दुसरी महाग. घरी एक मोटार असेल आणि ती महिन्यातून दोनदा धुवायची असेल, तर पहिली अगदी योग्य. उगाच हत्ती पाळू नये. पण एका सकाळी सहा-सात मोटारी धुवायच्या असतील तर मिक्सरवर गावजेवणाचे वाटण काढू नये, असे अभियंते म्हणाले. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच मला समजेल असे विजेचे वाक्य बाहेर पडले.

बाकी आतली रचना दोन्हींत सारखीच. मोटर एक तिरकी तबकडी फिरवते, ती तबकडी तीन दट्ट्यांना आळीपाळीने ढकलते, आणि ते दट्टे पाण्याला रेटतात. आळीपाळीने ढकलले जाऊन पुढच्याला रेटणे हे सरकारी कार्यालयांतही चालते. फक्त इथे काम होते.

याच सुमारास सांगलीकडच्या माझ्या मेहुण्याचा फोन आला. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, रोटाव्हेटर आहे, द्राक्षबाग आहे, आणि कुठल्याही विषयावर ठाम मत आहे. "दाजी, बाराच्या नादाला लागू नका. पाणी किती टाकतंय ते बघा." त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. काळ्या रानातली माती ट्रॅक्टरच्या चाकाला बसली की ती नुसत्या दाबाने चिरत जाते, पडत नाही. तिला ढकलायला पाणी लागते. म्हणून त्याच्याकडे तो बागेच्या फवारणीचा एचटीपी पंपच धुण्याला वापरतो. दाब वीस-चाळीस बारच, पण मिनिटाला वीस-तीस लिटर पाणी. घरगुती मशीन मिनिटाला पाच-सात लिटरच सोडते. "आन् एक ध्यानात ठेवा," तो म्हणाला, "नोझल बेरिंगवर धरायचं न्हाई. ग्रीस जातं धुऊन, मग बेरिंग वरडाय लागतंय. रेडिएटरच्या जाळीवरबी न्हाई, पत्री वाकती. मोटारसायकलच्या चेनवर न्हाई, वायरिंगवर तर मुळीच न्हाई." मग नेमके धरायचे तरी कशावर, असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते, पण मेहुण्याला प्रश्न विचारू नये, तो उत्तर देतो.

मिनिटाला सहा लिटर हा आकडा मात्र माझ्या डोक्यात राहिला. दहा मिनिटे घोडा दाबून धरला तर साठ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या. नुसती नळी सोडून धुणारा माणूस तेवढ्या वेळात सहज दीडशे लिटर ओततो, आणि त्यात मधेच फोन आला तर नळी जमिनीवर वाहतच राहते. त्या मानाने मशीन काटकसरी. पण मामांच्या मोटारीमागे दोन बादल्या! म्हणजे पाण्याच्या हिशेबात मामांनी जर्मनीला हरवले होते. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो, तेव्हा ही गोष्ट सोडून देण्यासारखी नव्हती. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या पाणी मंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठेवला होता, हे मी समितीपुढे मांडले. दंडाचा आकडा ऐकून हिशेबी सभासद पहिल्यांदाच माझ्या बाजूने झुकले.

बादलीचीही एक खोड आहे, ते अभियंत्यांनी दाखवले. कोरड्या धुळीवर फडके फिरले की धुळीतले बारीक खडे रंगावर घासले जातात, आणि उन्हात पाहिले तर मोटारीच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. आधी फवाऱ्याने धूळ उडवली तर फडके स्वच्छ रंगावर फिरते. म्हणून फवारा हवा. आणि फवारा मारून मोटार तशीच वाळू द्यावी, तर आमच्या बोअरच्या पाण्यातले क्षार पांढरे ठिपके ठेवून जातात. म्हणून लगेच फडके हवे. म्हणजे रोज फडके, आठवड्याने फवारा, आणि दोन्हींच्या मागे माणूस. हे सगळे मी हिशेबी सभासदांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "अहवालात लिहा." मी लिहिले, आणि 'पुढे बघू'च्या खाली लिहिले.

शेवटच्या दुकानात आम्ही मामांनाच बरोबर घेऊन गेलो. विक्रेता आम्हा तिघांशी बोलत होता: बार, वॅट, वॉरंटी, फेसाची बाटली, सोबत दोन नोझल मोफत. मामा कोपऱ्यात चप्पल काढून उभे होते. बोलणे संपल्यावर ते पुढे आले आणि त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. "बादलीतनं पानी वढतंय का? आन् हात सोडला की थांबतंय का?"

विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारण आम्ही ज्या चकचकीत मशिनावर जवळजवळ शिक्कामोर्तब केले होते, त्याला नळाचे पाणी दाबाने यावे लागत होते. पिंपातून ते नीट ओढत नव्हते. आणि आमच्या पार्किंगच्या नळाला पाणी येते ते एखाद्या पाहुण्यासारखे, कधीतरी आणि थोडा वेळ. पाण्याविना मशीन दोन-चार मिनिटे जरी कोरडे चालले, तरी आतली सीले जळून जातात. दुसरा प्रश्न त्याहून मोलाचा. काही मशिनांत घोडा सोडला तरी मोटर चालूच राहते, आतल्या आत तेच पाणी फिरत राहते आणि तापते. घोडा सोडताच मोटरही थांबते, ती सोय असलेले मशीन वेगळे. मामा त्याचे नाव जाणत नव्हते. चोवीस मोटारींच्या मधून दर मिनिटाला आपल्यालाच हात सोडून बादली सरकवावी लागणार, एवढे ते जाणत होते. आम्ही तिघांनी मिळून पंधरा दिवस माहितीपत्रके वाचली होती. आमच्यापैकी कोणाला ते धरून उभे राहायचे नव्हते, हा त्यातला फरक.

मग मशीन ठरायला दहा मिनिटेही लागली नाहीत. इंडक्शन मोटर, पितळी डोक्याचा पंप (क्षाराच्या पाण्याला अॅल्युमिनियमपेक्षा पितळ बरे टिकते), पिंपातून पाणी ओढणारे, घोडा सोडला की गप्प बसणारे, आठ मीटर नळीचे. वजन वीस किलोच्या वर. पण चाके होती. किंमत ऐकून हिशेबी सभासदांनी घोट घेतला, पाण्याचा.

बसवण्याचा मान अभियंत्यांचा. पार्किंगमध्ये जे एकमेव प्लग होते त्यावर वॉचमनचा मोबाइल चार्ज होत असे. अठराशे वॅटचे मशीन २३० व्होल्टवर जवळजवळ आठ अँपियर खाते. सहा अँपियरच्या प्लगला ते लावणे म्हणजे सायकलवर पियानो नेणे, असे त्यांचे मत पडले. नवा सोळा अँपियरचा प्लग आला, नीट अर्थिंग आले, आणि तीस मिलिअँपियरला तुटणारे सर्किट ब्रेकर आले. वीज आणि पाणी एकाच माणसाच्या हातात दिल्यावर तिसरे काही आड असावे लागते, हे त्यांनी तीन वेळा सांगितले. लांबलचक पातळ एक्स्टेन्शन वायर लावू पाहणाऱ्याला ते सोसायटीतून काढणार आहेत. मामांसाठी गमबूट त्यांनी स्वतःच्या पैशाने आणले. त्याची पावती समितीपुढे आली नाही.

नोझले पाच होती, रंगीत. लाल शून्य अंशाचे, पिवळे पंधरा, हिरवे पंचवीस, पांढरे चाळीस आणि काळे साबणाचे. अंश जितके कमी तितकी धार बारीक आणि खुनशी. लालची धार तर कातडीत शिरू शकते. वरून टाचणीएवढे छिद्र दिसते आणि आत मोठी इजा झालेली असते, अशा वेळी घरी हळद न लावता थेट इस्पितळ गाठावे लागते. लाल नोझल अभियंत्यांनी कपाटात कुलूपबंद केले आणि किल्ली घरी नेली. मोटारीसाठी पांढरे, तेही हातभर लांबून. चाकांच्या वरच्या कमानीतल्या चिखलाला हिरवे. हे नियम मामांनी एकदा ऐकले. मुलांनी पाच वेळा ऐकले आणि तरी बंदूक मागितली.

पहिल्या रविवारी सगळी सोसायटी खाली उतरली होती. मामांनी पिंप भरले, नळीतली हवा काढली, गमबूट चढवले आणि न वाकता, अगदी ताठ उभे राहून, हिशेबी सभासदांच्या मोटारीखाली धार धरली. चाकाच्या कमानीतून दोन पावसाळ्यांचा चिखल पाटीभर खाली आला. त्याबरोबर एक खारीक, एक खेळण्यातली मोटार आणि दिवाळीतले एक न उडालेले लवंगी फटाके आले. मग मामांनी मशीन बंद केले, घोडा दाबून उरलेला दाब सोडून दिला, आणि पिवळे फडके काढून मोटार कोरडी केली. शेवटी त्याच फडक्याने मशीनही पुसले.

हिशेबी सभासद जवळ आले. 'पुढे बघू'ची वेळ आली असे त्यांच्या चेहऱ्यावर होते. "काय मामा, आता काम निम्म्यावर आलं की!"

"आलं की सायेब," मामा म्हणाले. "पन आता हे मशीनीचं काम झालं. पुसायचे पाचशे हायेतच. फवाऱ्याचे म्हैन्याला शंभर निराळे."

हिशेबी सभासदांनी मोबाइल काढला, आकडे दाबले, पुसले, पुन्हा दाबले. मामा तोवर पुढच्या मोटारीपाशी पिंप सरकवून, गमबुटातले पाणी झटकत उभे होते. "तुमची पुढल्या ऐतवारी धरू का नगो, तेवढं सांगा."

"धरा," ते म्हणाले.